भांडार सर्वांचे, किल्ली कोणाची?

हॅशिकॉर्प या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने १० ऑगस्ट २०२३ रोजी एक निवेदन प्रसिद्ध केले. कंपनीच्या उत्पादनांच्या यापुढील आवृत्त्या मोझिलाच्या मुक्त परवान्याऐवजी 'बिझनेस सोर्स' या परवान्याखाली मिळतील, एवढाच त्याचा मथितार्थ होता. सर्वसामान्य वाचकाला त्यात बातमी दिसण्याचे कारण नव्हते. परंतु कंपनीचे 'टेराफॉर्म' हे साधन वापरणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांना या निवेदनाने खडबडून जागे केले. क्लाउडवरील सर्व्हर, डेटाबेस आणि नेटवर्क यांची उभारणी हाताने करण्याऐवजी ती मजकुराच्या रूपात लिहून ठेवायची आणि संगणकाकरवी घडवून आणायची, हे टेराफॉर्मचे काम. २०१४ पासून ते कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि पुढे देता येत होते. नव्या परवान्याने त्यावर एक अट आली. कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादनासाठी हा कोड वापरता येणार नव्हता. चार वर्षे उलटल्यावर ती आवृत्ती पुन्हा मुक्त होणार होती, पण सॉफ्टवेअरच्या व्यवसायात चार वर्षे म्हणजे एक पिढीच.

यानंतर जे घडले, ते अधिक बोलके आहे. टेराफॉर्मवर व्यवसाय उभारणाऱ्या काही कंपन्या एकत्र आल्या, त्यांनी एक जाहीरनामा लिहिला आणि तो गिटहबवरील एका सार्वजनिक भांडारात ठेवला. त्यावर सही करण्याची पद्धतही त्याच व्यवसायातली होती. आपले नाव जोडणारा दुरुस्ती-प्रस्ताव पाठवायचा, तो स्वीकारला गेला की सही झाली! शंभराहून अधिक कंपन्यांनी पाठिंबा नोंदवला. मुक्त परवान्याखालच्या अखेरच्या आवृत्तीपासून वेगळा फाटा काढण्यात आला. सप्टेंबर २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनने त्याला 'ओपनटोफू' या नावाने आपल्या छत्राखाली घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो प्रत्यक्ष वापरासाठी सज्ज झाला. हॅशिकॉर्प विकत घेण्याचा करार आयबीएमने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला. व्यवहाराची रक्कम ६.४ अब्ज डॉलर होती.

या घटनेकडे परवान्याच्या कायदेशीर वादापुरते पाहिले, तर तिचे खरे मर्म निसटून जाते. हॅशिकॉर्पने जवळजवळ दशकभर टेराफॉर्मभोवती माणसे जमवली होती. शहरोशहरी वापरकर्त्यांचे गट होते, 'राजदूत' म्हणून गौरवलेले स्वयंसेवक होते, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे होती, आणि या साऱ्यांच्या मध्यभागी उघडी ठेवलेली कोडची भांडारे होती. त्या भांडारांवर विसंबून अनेकांनी आपला व्यवसाय मांडला. विश्वास मात्र एकीकडे वाढत होता आणि अधिकार दुसरीकडे साठत होता. सॉफ्टवेअर कंपन्या आपली भांडारे कशासाठी उघडतात आणि त्यांच्या दारात बसलेली माणसे नेमके काय काम करतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

आधी भांडार म्हणजे काय, हे पाहू. कोणतेही सॉफ्टवेअर अखेर हजारो मजकूर-फाइलींचे बाड असते आणि त्यात अनेक हात रोज फेरफार करीत असतात. कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी काय बदलले, याची न पुसली जाणारी वही जिथे राहते, ती रिपॉझिटरी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये या कामासाठी 'गिट' ही प्रणाली लिहिली. तिलाही अशाच एका अनुभवाची पार्श्वभूमी होती. लिनक्सचा कोड सांभाळण्यासाठी 'बिटकीपर' हे खासगी साधन वापरले जात होते आणि त्याच्या मालकांनी विनामूल्य वापराची सवलत काढून घेतली होती. २००८ मध्ये आलेल्या गिटहबने या वहीला चावडीचे रूप दिले. भांडाराशेजारी तक्रारी नोंदवण्याची जागा, दुरुस्त्या सुचवण्याची सोय आणि त्यावरची चर्चा, सारे एका ठिकाणी आणि सर्वांसमक्ष होऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने दहा कोटी नोंदणीकृत वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला.

दुसरा धागा त्याहून जुना आहे. 'विकासक' म्हटले की मराठी वाचकाला इमारती बांधणारा बिल्डर आठवतो, त्यामुळे येथे 'डेव्हलपर' हाच शब्द बरा. १९८० च्या दशकात अॅपलने मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा त्यावर चालणारी सॉफ्टवेअर्स इतरांनी लिहावीत म्हणून काही माणसे नेमली. गाय कावासाकी हे त्यांतील सर्वांत गाजलेले नाव. त्यांच्या पदासाठी वापरला गेलेला 'इव्हँजेलिस्ट' हा शब्द थेट धर्मप्रचाराच्या परंपरेतला होता, आणि कामही तसेच होते. दारोदार जायचे, यंत्र दाखवायचे, श्रद्धा निर्माण करायची. पुढे याच कामाला 'डेव्हलपर रिलेशन्स' असे सौम्य नाव मिळाले. परिषदा, भाषणे आणि भेटवस्तूंचे टी-शर्ट ही त्याची दर्शनी बाजू. मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत या कामाचा गुरुत्वमध्य व्यासपीठावरून भांडाराकडे सरकला आहे.

याचे कारण खरेदीच्या पद्धतीत आहे. पूर्वी सॉफ्टवेअर विकत घेण्याचा निर्णय वरिष्ठ अधिकारी करीत आणि अभियंत्याच्या हाती ते आयते येई. आज बहुतेक ठिकाणी उलटे घडते. समजा, पुण्यातील एखाद्या लहान कंपनीला आपल्या संकेतस्थळावर पैसे स्वीकारण्याची सोय करायची आहे. तेथील अभियंता विक्री प्रतिनिधीला फोन करीत नाही. तो दोन-तीन सेवांची भांडारे उघडतो, नमुन्याचा कोड उतरवून घेतो आणि तो चालतो का ते पाहतो. नंतर तक्रारींच्या यादीकडे वळतो. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळाली आहेत की ते महिनोन्महिने तसेच पडून आहेत, हे त्याला तेथे दिसते. अर्ध्या दिवसात त्याचे मत बनते आणि अधिकाऱ्याची सही पुढे त्या मतावर होते. रेझरपेसारख्या भारतीय कंपन्याही विविध भाषांतील जोडकोड गिटहबवर उघडा ठेवतात, त्यामागचे इंगित हेच.

त्यामुळे डेव्हलपर रिलेशन्सचा चमू भांडारात जे काम करतो, ते प्रचारापेक्षा दुकानदारीच्या जुन्या शहाणपणाशी अधिक जुळणारे आहे. दर्शनी माहितीपत्र, म्हणजे 'रीडमी', नवख्यालाही कळेल असे लिहायचे. चालणारी उदाहरणे द्यायची, आणि मूळ सॉफ्टवेअर बदलले की ती उदाहरणेही बदलायची. बंद पडलेले उदाहरण हे नसलेल्या उदाहरणापेक्षा वाईट असते. नव्या आवृत्तीत काय मोडणार आहे, हे आधी सांगायचे. बाहेरच्या माणसाला हात घालता येतील अशा सोप्या कामांवर 'पहिल्या योगदानासाठी योग्य' अशी चिठ्ठी लावायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीच तक्रार दहा जणांनी केली की ती कंपनीतल्या अभियंत्यांपर्यंत नेऊन तिचा पिच्छा पुरवायचा. हे शेवटचे काम सर्वांत कमी दिसते, पण परिसंस्था टिकते ती त्याच्यावर. भांडार हे कंपनीचे तोंड आहे असे सगळेच मानतात, ते तिचा कानही असते याचा अनेकांना विसर पडतो.

या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्ट. २००१ मध्ये या कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. त्याच कंपनीने २०१२ मध्ये 'टाइपस्क्रिप्ट' ही भाषा खुल्या स्वरूपात आणली. तिचे भांडार आधी कंपनीच्या स्वतःच्या 'कोडप्लेक्स'वर होते, पण डेव्हलपर जिथे जमतात तिथेच आपण गेले पाहिजे हे ओळखून २०१४ मध्ये ते गिटहबवर हलवले गेले. कोडप्लेक्सला २०१७ मध्ये टाळे लागले. गुगलनेही 'गुगल कोड' हे आपले भांडारगृह २०१६ मध्ये बंद केले. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'डॉटनेट'चा गाभा खुला करण्याची घोषणा केली, २०१५ मध्ये 'व्हीएस कोड' या संपादकाचा कोड खुला झाला, पुढे कंपनीची तांत्रिक कागदपत्रेही कोणालाही दुरुस्ती सुचवता येईल अशा रीतीने भांडारात आली. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून कंपनीने गिटहबच विकत घेतले. चावडीवर जागा मिळवण्याऐवजी चावडीच घेतली, असा हा व्यवहार होता.

व्हीएस कोडचे भांडार आजही आदर्श म्हणून दाखवले जाते आणि ते रास्तही आहे. पुढील आवृत्तीत कोणती कामे होणार आहेत याची योजना तेथे जाहीरपणे मांडली जाते, लाखोंनी आलेल्या तक्रारी वर्गवारी करून हाताळल्या जातात. पण याच उदाहरणात उघडेपणाची मर्यादाही दिसते. भांडारातला कोड मुक्त परवान्याखाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या नावाने उतरवून घेतला जाणारा तयार संपादक मात्र कंपनीच्या स्वतंत्र परवान्याखाली येतो, आणि त्याला जोडावयाच्या विस्तारांची अधिकृत बाजारपेठ केवळ मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांसाठीच वापरावी अशी तिची अट आहे. त्याच कोडपासून दुसरा संपादक बनवणाऱ्यांना म्हणूनच एक्लिप्स फाउंडेशनच्या 'ओपन व्हीएसएक्स'सारख्या पर्यायी बाजारपेठेकडे वळावे लागते. भांडार खुले, पण बाजारपेठेच्या वेशीवर पहारा, अशी ही रचना आहे.

गुगलने 'कुबरनेटिस'च्या बाबतीत वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये खुले केलेले हे सॉफ्टवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी, पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडताना, लिनक्स फाउंडेशनच्या अखत्यारीतील नव्या क्लाउड नेटिव्ह संस्थेकडे सोपवले. हा निव्वळ परोपकार नव्हता. ॲमेझॉनने व्यापलेल्या क्लाउडच्या बाजारात सर्वांना सारखा चालणारा पाया तयार झाला, तर गुगलचा लाभच होता. परंतु परिणाम टिकाऊ ठरला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्यात निःशंकपणे माणसे आणि पैसा घातला, कारण एका कंपनीच्या संचालक मंडळाला एका बैठकीत नियम बदलता येणार नव्हते. हॅशिकॉर्पकडे मात्र तो अधिकार होता. बाहेरून कोड देणाऱ्यांकडून कंपनी एक करारपत्र स्वीकारून घेत असे आणि परवाना बदलण्याची मुभा त्यातूनच तिच्या हाती राहिली. सही करताना ते करारपत्र किती जणांनी बारकाईने वाचले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

हॅशिकॉर्प हा अपवाद नव्हे. इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये परवाना बदलला, तेव्हा ॲमेझॉनने 'ओपनसर्च' हा फाटा काढला. मार्च २०२४ मध्ये रेडिसने तेच केले आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'व्हॅल्की' उभे राहिले. या कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षे कोड लिहायचा, तो सांभाळायचा, लोकांच्या शंका निरसायच्या, आणि बलाढ्य क्लाउड कंपन्यांनी तो तयार सेवा म्हणून विकून नफा कमवायचा, हे कुठवर चालायचे, असा त्यांचा सवाल होता. तो खोटा नव्हता. पण परवाना बदलल्याने दुरावलेले लोक सहज परत येत नाहीत, हेही दिसून आले. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध करून दिला. तोवर फाट्यांनी आपापले संसार थाटले होते.

परिसंस्था वाढवण्याच्या उत्साहाचा आणखी एक ताप असतो. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. काही दुरुस्त्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट द्यायचा, ही कल्पना डेव्हलपर रिलेशन्सच्या दृष्टीने बिनतोड होती. २०२० मध्ये मात्र टी-शर्टच्या ओढीने निरर्थक दुरुस्त्यांचा इतका पूर आला, की भांडारे फुकट सांभाळणारे स्वयंसेवक मेटाकुटीला आले. कुठे एखादे विशेषण घुसडलेले, कुठे नुसता स्वल्पविराम हलवलेला. ज्या भांडारांची संमती असेल तेवढीच यापुढे धरली जातील, असा बदल आयोजकांना ऐन महोत्सवात करावा लागला. संख्या हेच यशाचे माप ठरले की असे होते. भांडाराच्या लोकप्रियतेची खूण मानले जाणारे 'तारे'ही विकत मिळतात आणि असे लक्षावधी संशयास्पद तारे गिटहबवर आहेत, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांसह एका गटाने २०२४ मध्ये दाखवून दिले.

अतिपरिचयाचा गैरफायदा किती घातक ठरू शकतो, याचा धडा मार्च २०२४ मध्ये मिळाला. बहुतेक लिनक्स प्रणालींत असणारे 'एक्सझेड' हे फाइली आकुंचित करणारे साधन प्रामुख्याने एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणी सुमारे दोन वर्षे मदत करीत त्याचा विश्वास संपादन केला, भांडाराचे अधिकार मिळवले आणि मग साधनात चोरवाट पेरली. मायक्रोसॉफ्टचे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरशी जोडणी होण्यास लागणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून अनर्थ टळला. लाखो सर्व्हर ज्याच्यावर उभे आहेत, त्या भांडाराच्या दारात बसायला कोणतीही कंपनी पगारी माणूस देत नव्हती, हे या घटनेचे खरे दुखणे. ज्या भांडारातून विक्री होते तेथे माणसे नेमली जातात. ज्याच्यावर सारे विसंबतात तेथे नाही.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. गिटहबने फेब्रुवारी २०२० मध्ये येथे आपली उपकंपनी स्थापन केली, आणि तेथील डेव्हलपरांच्या संख्येत आज भारताचा क्रमांक अमेरिकेपाठोपाठ लागतो. आपले काम परक्या भांडारावर किती अवलंबून आहे, याची चुणूकही येथे आधीच मिळाली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून सरकारने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. त्यात गिटहबही होते, आणि काही दिवस येथील अनेक अभियंत्यांची कामे अडली. उलट बाजूने, अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रिमियातील वापरकर्त्यांची गिटहबवरील खाती मर्यादित झाली. चावडी जगाची असली, तरी तिला कायदा एका देशाचा लागू होतो.

भांडार उघडणे आणि ते नांदते ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भारतातील दोन उदाहरणांवरून लख्ख दिसते. करोनाच्या काळात 'आरोग्य सेतू' ॲपबद्दल गोपनीयतेच्या शंका निघाल्या, तेव्हा मे २०२० मध्ये सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर खुला केला आणि त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर केली. पाऊल स्वागतार्ह होते. पण सर्व्हरच्या बाजूचा कोड येण्यास नोव्हेंबर उजाडला, आणि प्रत्यक्ष वापरातल्या ॲपशी भांडारातला कोड ताळ्यावर राहत नाही, अशी टीका होत राहिली. याउलट बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेला 'मोसिप' हा ओळखपत्र-प्रणालीचा प्रकल्प. फिलिपिन्स आणि मोरोक्को यांसारख्या देशांनी तो स्वीकारला, तो केवळ कोड खुला होता म्हणून नव्हे. सोबत कागदपत्रे होती, भागीदारांना तयार करण्याची व्यवस्था होती आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारी माणसे होती.

परवान्याचे महत्त्व मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरही असते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली आहेत आणि त्यांची भांडारे सर्वांना खुली आहेत. ते गुगलच्या फाँट-संग्रहातून जगभर पोचतात. उद्या गुगलने तो संग्रह आवरता घेतला, तरी हे फाँट वापरण्याचा, सुधारण्याचा आणि वाटण्याचा हक्क कोणाकडून हिरावला जाणार नाही. येथे वाचकाला संरक्षण मिळाले आहे ते परवान्याच्या मजकुरामुळे. कंपनीच्या सदिच्छेवर ते अवलंबून नाही.

आता या भांडारांना एक नवा वाचक मिळाला आहे. गिटहबने २०२१ मध्ये 'कोपायलट'ची चाचणी-आवृत्ती आणली. सार्वजनिक भांडारांतील कोडवर पोसलेले हे यंत्र अभियंत्याला कोड सुचवते. मूळ लेखकांच्या परवान्यांचा त्यात मान राखला गेला का, यावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत दावाही दाखल झाला. डेव्हलपर रिलेशन्सचे चमू आता माणसांबरोबर यंत्रांसाठीही सूचना लिहू लागले आहेत. भांडारात यंत्र-सहायकांसाठी वेगळी मार्गदर्शक फाइल ठेवण्याचा प्रघात २०२५ पासून रूढ होत आहे. यंत्र परस्पर उत्तर देऊ लागले, की भांडारात येऊन प्रश्न विचारणारी माणसे कमी होतील. कंपन्यांचा तो कान बधिर झाला, तर वापरकर्त्याचे नेमके कुठे अडते हे त्यांना कळणार कोठून, याचे उत्तर अद्याप कोणाकडे नाही.

या साऱ्यातून डेव्हलपर रिलेशन्स म्हणजे गोड बोलून गळ टाकण्याचा धंदा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. या चमूंतील अनेक माणसे मनापासून वापरकर्त्यांची बाजू घेतात, आणि खर्चकपातीची कुऱ्हाड आली की तीही तिच्या तडाख्यात सापडतात. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी केले, तेव्हा ओपन सोर्स विभागातील जुनी जाणती मंडळीही त्यात होती. प्रश्न माणसांच्या हेतूचा नाही. दारात बसलेला माणूस कितीही भला असला, तरी किल्ली त्याच्या कमरेला नसते.

म्हणून एखाद्या भांडारावर आपला व्यवसाय, आपले सरकारी काम किंवा आपले करिअर उभे करताना तेथील स्वागत किती छान आहे, एवढेच पाहून भागणार नाही. परवाना कोणता आहे, योगदान देताना कोणते हक्क सोडावे लागतात, नाव आणि बोधचिन्ह कोणाच्या मालकीचे आहे, निर्णय घेणाऱ्यांत एकाच कंपनीची माणसे आहेत की अनेकांची, आणि वेळ आलीच तर वेगळा फाटा चालवण्याची कुवत आपल्याकडे आहे का, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. शेवटचा प्रश्न भारतासाठी सर्वांत अवघड आहे. येथील अभियंते जगाच्या भांडारांतून उदंड घेतात, तेथे काम करणारेही वाढत आहेत, पण भांडारे सांभाळण्यासाठी पैसा मोजणाऱ्या भारतीय कंपन्या बोटावर मोजण्याइतक्याच. झिरोधा या बंगळुरूच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तो उठून दिसतो, यातच बाकीच्यांच्या उदासीनतेची कबुली आहे. टेराफॉर्मचे वापरकर्ते सावरले, कारण परवाना बदलल्यावर देखभालीचा भार उचलण्याची त्यांची तयारी होती. ती तयारी नसलेल्यांच्या हाती अशा वेळी मिळेल त्या अटींवर सही करण्यापलीकडे काही उरत नाही.